बैलांपुढं ठेवलेलं मत

वेणूचं नाव पत्रात नव्हतं. हरिचंद्र केणेनं पुढं कितीतरी दिवस एवढ्याच गोष्टीचा आधार घेतला. 'आमच्या गावातील एक बाई' इतकंच त्यानं लिहिलं होतं. गावात बाया काय थोड्या होत्या? पण बदलापूरजवळचं, नदीपलीकडचं ते गाव केवढं, तर एका घरी मासळी तळली की दुसऱ्या टोकाला वास जायचा. तिथं 'एक बाई' म्हटल्यावर ती कोण हे कळायला कितीसा वेळ लागणार!

हरिचंद्र बदलापूरच्या भाताच्या गिरणीत कारकून होता. मराठी सातवी पास. गावातल्या आगरी घरांत एवढं शिकलेला त्याच्या वयाचा दुसरा कोणी नव्हता, आणि हे तो विसरत नसे. त्याला नाद एकच, वर्तमानपत्राला पत्रं लिहायचा. कल्याणहून 'खाडीकाठ' नावाचं साप्ताहिक निघायचं, त्याला तो लिहायचा. आणि विषयही एकच. मत द्यायची पद्धत बदला.

बावन्न सालच्या पहिल्या निवडणुकीत मत द्यायची रीत निराळी होती. पडद्याआड जितके उमेदवार तितक्या पेट्या मांडलेल्या असत. प्रत्येक पेटीवर त्या त्या उमेदवाराचं चित्र. कुठं बैलजोडी, कुठं झोपडी, कुठं झाड. हातात कोरा कागद मिळायचा आणि तो आपल्या माणसाच्या पेटीत टाकायचा. खूण करायची नाही, काही लिहायचं नाही. हरिचंद्रचं म्हणणं असं, की ही रीत घातकी आहे. एखाद्यानं कागद पेटीबाहेर ठेवला, तर मागून येणारा तो उचलून भलत्याच पेटीत टाकील, किंवा खिशात घालून बाहेर नेऊन विकील. त्यापेक्षा एकाच कागदावर सगळी नावं आणि चित्रं छापा, माणसाला तिथंच खूण करू द्या, आणि पेटी एकच ठेवा.

म्हणणं खरं होतं. पण पत्रं छापून येत नव्हती.

एकदा गिरणीच्या कामानं कल्याणला गेला, तेव्हा तो थेट छापखान्यात जाऊन संपादकापुढं उभा राहिला. संपादकाचं नाव हिंदुराव. अंगानं सुटलेला, बोलका गृहस्थ. हरिचंद्रचं नाव ऐकताच त्यानं कपाळाला हात लावला.

"अहो केणे, तुमची पत्रं वाचताना मला तहसील कचेरीत बसल्यासारखं वाटतं. 'सबब विनंती की'! कोण वाचणार हे?"

"पण मुद्दा बरोबर आहे ना?"

"मुद्दा लाख बरोबर. पण मुद्द्याला हातपाय असतात का? त्यात एखादं माणूस घाला. कुणीतरी चुकलं, कुणाचं तरी मत वाया गेलं, असं काहीतरी. लोक माणूस वाचतात, केणे."

परतताना वाटेतच हरिचंद्रला बायकोची, वेणूची गोष्ट आठवली.

पहिल्या निवडणुकीला मळणी उरकली होती, थंडी होती. वेणू शेजारच्या विठाबरोबर शाळेत जाऊन मत देऊन आली. रात्री भाकरी थापताना तिनं आपण होऊन सांगितलं, "मी बैलजोडीला दिलं हां. चित्राच्या म्होरं कागद ठेवला, हात जोडले आन् आले." हरिचंद्र जेवता जेवता इतका हसला की त्याला ठसका लागला. "अगं पेटीत टाकायचा असतो! बैल काय कागद खाणार आहेत?" वेणूही थोडी हसली होती. मग तिनं त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि विषय संपला होता.

आता त्यानं तेच लिहिलं. 'आमच्या गावातील एक बाई' बैलजोडीच्या चित्रापुढं कागद ठेवून, हात जोडून परत आली. दिवाळीच्या पाडव्याला बैलांपुढं दाण्याचं सूप ठेवतात, तसा तिनं कागद ठेवला. तिचं मत गेलं कुठं? बैलांच्या पोटात की पुढच्या माणसाच्या खिशात? लिहिताना त्याचा त्यालाच आनंद झाला. वेणू पलीकडं चुलीशी होती. तिला वाचता येत नव्हतं. तिला विचारावं असं त्याच्या मनातही आलं नाही.

पत्र छापून आलं, तेही चौकटीत. हिंदुरावनं वर मथळा दिला होता, 'बैलांनी खाल्लेले मत!'

शनिवारी गिरणीत अंक आला तेव्हा मालकानं स्वतः तो मोठ्यानं वाचून दाखवला. भात घेऊन आलेली माणसं पोट धरून हसली. हमाल हसले. हरिचंद्रच्या गावचा जनू तिथंच गोण्यांवर बसला होता. त्याची जीभ म्हणजे चाबूक. तो म्हणाला, "हरिचंद्रा, ही बाई कोण रं? आपल्या गावची म्हणतोस!"

"असेल कोणीतरी."

"असेल म्हणजे? तुला नाय ठाव?"

हरिचंद्र हसून वजनकाट्याकडं वळला. त्याला वाटलं, निभावलं.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी वेणू विहिरीवरून आली ती हंडा न उतरवताच दारात उभी राहिली. "तुमी कागदात माझं काय लिवलंव?"

"तुझं कुठं? नाव आहे का तुझं?"

"विठाला मी तेव्हाच सांगितलं व्हतं. तिनं तिच्या जावेला सांगितलं. आता अख्खी विहीर मना विचारते, बैलांनी कागद खाल्ला का गो, पचला का गो." हे ती रडून बोलली नाही. नुसतं सांगितलं. मग हंडा उतरवून ती आत गेली.

"लोकांचं चार दिवस असतं," हरिचंद्र म्हणाला. "पण मुद्दा बघ ना. पुण्याच्या पेपरानंही घेतलंय ते."

आत वेणू चूल फुंकू लागली. पुण्याच्या पेपराचं कात्रण खिशात होतं, ते त्यानं पुन्हा काढून वाचलं.

चार दिवसांनी लोक थांबले नाहीत. पोरं वेणूला बघून बैलासारखी हंबरायची. ती शेतावर जायची तर लांबच्या बांधानं जायला लागली. हरिचंद्रनं हे पाहिलं. पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं, कारण त्या महिन्यात त्याची आणखी दोन पत्रं छापून आली होती आणि स्टेशनावर अनोळखी माणसं त्याला नमस्कार करत होती.

मग हिंदुरावचा निरोप आला. उल्हासनगरला, सिंधी निर्वासितांच्या कॅम्प दोनमध्ये निवडणूक सुधारणेवर सभा आहे. वकील आहेत, डॉक्टर आहेत, बाजारातले सिंधी व्यापारी आहेत. केण्यांनी बोलायचंच.

वेणूला सासरी असलेल्या लेकीसाठी लुगडं घ्यायचं होतं. कॅम्पात कापड स्वस्त, म्हणून ती बरोबर निघाली. सभा व्यापाऱ्यांच्या पंचायतीच्या हॉलमध्ये होती. मागं बायकांसाठी सतरंजी अंथरली होती, तिथं ती जाऊन बसली. तिच्या शेजारी एक जाडजूड सिंधी बाई पंख्यानं वारा घेत बसली होती. हरिचंद्रला व्यासपीठावरून त्या दोघी दिसत होत्या.

आधी वकील बोलले. लोक जांभया देत होते. मग हिंदुरावनं हरिचंद्रला पुढं केलं आणि कानात म्हणाला, "आता बैल बाहेर काढा, केणे. बैल!"

हरिचंद्रनं मराठी-हिंदीची मोडकीतोडकी भेळ करून सुरुवात केली. "हमारे गाव में एक बाई है..." पहिला हशा आला. हशाची एक गंमत असते, पहिला आला की दुसरा मागावासा वाटतो. टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यानं तो पुढं ओढला. एक कागद घेतला, डोक्यावरून पदर घेतल्यासारखं केलं, लाजत मुरडत डब्याजवळ गेला आणि कागद डब्यापुढं ठेवला. हात जोडले. हॉल हसून लोळत होता. तेव्हा त्याच्या तोंडून बारीक, बायकी आवाजात निघून गेलं, "खा रे बाळांनो, पोटभर खा!"

टाळ्या थांबेनात. वकीलसाहेबांनी डोळे पुसले. ती जाडजूड सिंधी बाई हसता हसता शेजारी बसलेल्या वेणूच्या मांडीवर चापट्या मारत होती. आणि वेणूही पदर तोंडाला लावून हसत होती. चारचौघांत दुसरं काय करणार? सगळे हसत असताना एकटी न हसणारी बाई लगेच ओळखू आली असती.

पदराच्या वरून दिसणारे तिचे डोळे मात्र सरळ त्याच्याकडं बघत होते. हरिचंद्रचा हात डब्यावर तसाच राहिला. पुढं तो काय बोलला ते त्याचं त्यालाही आठवत नव्हतं.

सभेनंतर हिंदुरावनं त्याला मिठी मारली. चहा झाला. लुगडं घ्यायचं राहून गेलं. दोघं स्टेशनावर आली तेव्हा गाडीला वेळ होता. फलाटाच्या टोकाला एका बाकावर दोघं बसली, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

मग वेणू म्हणाली, "खा रे बाळांनो, असं मी कवा बोलले?"

"सभेत थोडा मसाला घालावा लागतो."

"मसाला तुमचा आन् तोंड माझं."

हरिचंद्र रुळांकडं बघत राहिला. त्याचे कान तापले होते. तिनं आदळआपट केली असती तर बरं झालं असतं, त्याला उलट बोलता आलं असतं.

"पेटीची फट मना दिसली व्हती," वेणू म्हणाली. "मी काय आंधळी हाय?"

"मग टाकला का नाहीस?"

"आज विचारलंव? तवा नुसते हसलंव."

वेणू पुढं बोलत राहिली.

"त्या साहेबानं कागद हातात दिला. मना 'अहो बाई' म्हणाला. माझ्याकडं उभ्या जन्मात कुणी काय मागितलं नव्हतं. घरात मागतात ते निराळं. तिथं येवढा मोठा माणूस मना सांगतो, तुमाला वाटेल त्याला द्या. मग मी आत गेले. फट बघितली तर येवढीशी. अंगठ्यानं कोंबावं लागलं असतं. मना वाटलं, देणं असं कोंबतात काय? पाडव्याला आपून बैलाच्या तोंडात कोंबतंव काय? म्होरं ठेवतंव. तो त्याच्या मनानं घेतो." ती थोडी थांबली. "चुकलं असंल. पण मी हसण्यासाठी नव्हतं ठेवलं."

गाडी आली. बायकांच्या डब्यात ती चढली, पुरुषांच्या डब्यात तो. बदलापूरपर्यंत हरिचंद्रला वाटत होतं, डब्यातलं प्रत्येक माणूस आपल्याकडं बघतंय. कोणीच बघत नव्हतं.

त्यानं ठरवलं, की 'खाडीकाठ'ला खुलासा पाठवायचा. लिहायलाही बसला. वेणूनं दौत पाहिली आणि विचारलं, "काय लिवतंव?"

"तुझी माफी."

"नको. माफी लिवलीत की पुन्यांदा सगळे वाचतील. ज्यांना ठाव नाय त्यांनाबी कळंल. मना आता छापू नका."

कागद त्यानं चुलीत घातला. माफी मागायची राहिलीच. तिच्या तोंडावर मागायचं म्हटलं तर जीभ उचलेना. पेपराला पानंच्या पानं लिहिणारा माणूस, पण घरात चार शब्द बोलायचे तर त्याला जमत नव्हतं.

सत्तावन्नची निवडणूक आली. शिमगा तोंडावर होता. गावोगाव संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा चालू होत्या, भिंती चुन्यानं रंगल्या होत्या. आणि पद्धत तीच होती, पडद्याआड चित्रांच्या पेट्या. पत्रांचा उपयोग अजून तरी झालेला नव्हता.

आदल्या दिवशी हरिचंद्र चाचरत म्हणाला, "उद्या आपण बरोबर जाऊ. लवकर, गर्दीच्या आधी."

"तुमी जा."

"आणि तू?"

"मी नाय येत."

"वेणू, अगं, मी एवढी चार-पाच वर्षं कशासाठी लिहितोय? एकेक मत..."

"तुमच्या पेट्यांचं तुमी बघा," ती म्हणाली. "मी कागद आत टाकला तर म्हणतील, शिकली गो शिकली, नवऱ्यानं शिकवली. बाहेर ठेवला तर तुमाला लिवायला होईल."

"मी नाही लिहिणार."

"तुमी नाय लिवणार. जनू सांगत फिरंल. त्याला कुणी शिकवलं?"

"मग मीही नाही जात."

"नको, जा. नायतर म्हणतील बायकोनं अडवलं."

सकाळी विठा दारात आली, नवं लुगडं नेसून. "चल गो वेणू!" वेणू सुपात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तू जा. माझ्या पायाला लागलंय." पायाला काही लागलेलं नव्हतं. हरिचंद्र तिथंच पैरण चढवत होता. विठानं त्याच्याकडं पाहिलं. मग दुसरीकडं पाहिलं आणि निघून गेली.

शाळेसमोर दोन रांगा होत्या, पुरुषांची आणि बायकांची. बायकांच्या रांगेत म्हाताऱ्या होत्या, पोरं कडेवर घेतलेल्या होत्या, डोंगरावरच्या पाड्यांवरून पहाटेच निघालेल्या ठाकरणी होत्या. हरिचंद्रची नजर पुन्हा पुन्हा रस्त्याकडं जात होती. न जाणो, विठा वळून तिला घेऊन आली तर.

जनू मागून ओरडला, "काय रं हरिचंद्रा, वैनी कुठं? आज बैल उपाशी राहतील की!"

रांग हसली. आणि हरिचंद्रही हसला. सवयीनं. आवाज तोंडातून बाहेर पडल्यावर त्याला कळलं, की आपण हसलो. त्यानं ओठ मिटले, पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. 'तिला बरं नाही,' असं म्हणावं म्हणून त्यानं मागं पाहिलं, तर जनू केव्हाच दुसऱ्याची थट्टा करण्यात गुंतला होता.

आत त्याच्या बोटाला शाई लागली. हातात कागद आला. पडद्याआड तो पेट्यांसमोर एकटा उभा राहिला. बाकावर ओळीनं पत्र्याच्या पेट्या होत्या, त्यांना बारीक फटी. पाच वर्षं तो या पेट्यांबद्दल लिहीत होता. त्यानं कागदाची घडी फटीशी नेली. ती सहज जाईना. अंगठ्यानं कोंबावी लागली.

घरी आला तर वेणू तांदूळ निवडून शेण सारवायला बसली होती. मतदान संध्याकाळपर्यंत होतं. दुपार सरली. विठा परत आली, बोटाची शाई दाखवत शेजारणींशी बोलत पुढं गेली. हरिचंद्र ओसरीवर बसून होता. 'अजून वेळ आहे' असं म्हणायचं दोनदा त्याच्या तोंडाशी आलं, आणि दोन्ही वेळा त्यानं ते गिळलं. त्याला तो अधिकार राहिला नव्हता. शाळेकडून जीप धुरळा उडवत गेली तेव्हा पेट्या गेल्या हे दोघांनाही कळलं. वेणूनं हात धुतले आणि दिवा लावला.

त्या पावसाळ्यात ती गेली. कावीळ झाली होती. आधी गावठी औषध केलं. मग बैलगाडीत घालून कल्याणला नेलं, पण उशीर झाला होता. शेवटच्या दिवसांत तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. हरिचंद्र उशाशी बसून असायचा. एकदा त्यानं तिचा हात धरला आणि म्हणाला, "त्या सभेचं..." वेणूनं मान हलवली, नको म्हणून. ती माफी होती, की बोलायचं त्राण नव्हतं, हे त्याला कधी कळलं नाही.

त्यानंतर तो एकटाच भात शिजवी. कधी कच्चा, कधी करपलेला. गिरणीत जाई, येई. पत्रं मात्र त्यानं सोडली नाहीत. मुद्दा खराच होता. पण आता त्यांत माणूस नसे, 'सबब विनंती की' असे, आणि हिंदुराव ती छापत नसे.

मग पुढं एकदा बातमी आली, की सरकार पद्धत बदलणार. एकच कागद, त्यावर सगळी चित्रं, हव्या त्या चित्रावर शिक्का मारायचा, आणि पेटी एक. हिंदुराव सायकल हाणत थेट गावात आला. घामानं निथळत ओसरीवर टेकला.

"केणे, जिंकलात! कॅम्प दोनमध्ये तुमचा सत्कार ठेवलाय. शाल, श्रीफळ. तोच हॉल. लोक विचारताहेत, ते बैलवाले आले पाहिजेत. ती नक्कल पुन्हा एकदा करायची बरं का!"

हरिचंद्रनं त्याला पाणी दिलं. "ती करता यायची नाही."

"का हो?"

"विचारावं लागेल."

"कुणाला?"

"जिची केली तिला. ती माझी बायको होती."

हिंदुरावचा तांब्या ओठाशीच थांबला. त्यानं घराकडं नजर टाकली. थंड चूल, दोरीवर वाळत घातलेली एकच पैरण. "अरेरे," तो म्हणाला. "मला कल्पना नव्हती, केणे. आधी सांगायचं तरी."

"मी तिलाच सांगितलं नव्हतं."

हिंदुराव उठला. माणूस वाईट नव्हता. त्यानं हरिचंद्रच्या खांद्यावर हात ठेवला. पण सायकलीपर्यंत जाऊन तो वळला. "बरं, तुम्ही नका करू. मी दोन शब्दांत सांगतो हवं तर. नाव कुठं घ्यायचंय? आणि एकदा छापून आलं म्हणजे ते काय तुमचं-आमचं राहतं थोडंच? सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे ते."

नाव कुठं घ्यायचंय. हे आपलंच बोलणं हरिचंद्रनं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं.

"मग मला बोलावू नका," एवढंच तो म्हणाला.

सत्काराच्या दिवशी तो गिरणीतून लवकर घरी आला. ओसरीवर बसला. ऊन उतरलं, बायका पाण्याला निघाल्या, समोरून जाताना कोणी 'काय केणेदादा' म्हणालं, कोणी नाही. आता हॉल भरला असेल. आता वकील बोलत असतील, लोक जांभया देत असतील. आता हिंदुराव उठला असेल. मग इतक्या लांबून काही ऐकू येणं शक्य नसतानाही हरिचंद्रनं मान खाली घातली, आणि ते सगळे हसून संपेपर्यंत ती वर केली नाही.